डॉज चार्जरचा डॅशबोर्ड: कामाला मागून सुरुवात

१९६८ ते १९७० या तीन वर्षांतली डॉज चार्जर ही अमेरिकन मोटार आतून नव्यानं उभी करायची ठरली, की सगळ्यांची नजर आधी डॅशच्या वरच्या मऊ पॅडवरच्या तड्यांवर जाते. मग नवा पॅड मागवला जातो, कार्पेट येतं, सीटची कव्हरं येतात. सगळं थाटात बसतं, किल्ली फिरते आणि पेट्रोलचा काटा जागचा हलत नाही. मग तोच देखणा डॅश पुन्हा खाली उतरवायचा. हे टाळायचं असेल तर एक गोष्ट पक्की धरून चालावं: केबिनमधली प्रत्येक वस्तू तिच्या मागच्या वस्तूला झाकून टाकते. म्हणून आधी वायरिंग, मग मीटर, मग हीटर, मग पाण्याची गळती. डोळ्यांना दिसणारं सगळं त्यानंतर.

डॉज हे नाव आपल्याकडे अगदीच परकं नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या होत्या. चार्जर मात्र पक्की अमेरिकन. तिचे बोल्ट इंचातले, तेव्हा पाने इंचाचेच घ्या. मिलिमीटरचा पाना 'जवळपास बसतो' म्हणून लावला की बोल्टचे कोपरे गोल होतात, आणि डॅशच्या मागे गोल झालेला बोल्ट काढणं म्हणजे अर्धा दिवस गेला.

पहिलं काम बॅटरीची ऋण तार काढण्याचं. ही नेहमीची सूचना म्हणून सोडून देऊ नका. या गाड्यांत अँमीटर (किती करंट वाहतो ते दाखवणारा मीटर) डॅशमध्ये आहे आणि त्याच्या मागचे दोन्ही स्टड किल्ली बंद असतानाही जिवंत असतात. वाटेत नेहमीचा फ्यूज नाही, इंजिनाच्या बाजूला फक्त एक फ्यूजिबल लिंक (करंट जास्त झाला की वितळून तुटणारी बारीक तार) आहे. पाना स्टडवरून घसरून डॅशच्या पत्र्याला टेकला की ठिणगी उडते आणि वायरिंगचा जुडगा धुमसायला लागतो.

सीट बाहेर काढल्यावर त्या झाडायच्या किंवा धुवायच्या आधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये हात घालून बघा. कारखान्यात प्रत्येक गाडीसोबत ब्रॉडकास्ट शीट नावाचा कागद फिरायचा. गाडीत कुठलं इंजिन, कुठला रंग, कुठली सीट, कुठला रेडिओ हे सगळं त्यावर कोडमध्ये छापलेलं असायचं. काम झालं की तो बऱ्याचदा सीटच्या स्प्रिंगांतच राहून जायचा, कधी ग्लोव्ह बॉक्सच्या वर. पन्नासहून जास्त वर्षांनी तो पापडासारखा झालेला असतो. हॉग रिंगा (कव्हर स्प्रिंगला धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या) कापून स्प्रिंग मोकळी करा, कागद ओढू नका. आधी फोटो घ्या, मग दोन कोऱ्या टीपकागदांमध्ये सपाट ठेवा. चिकटपट्टी अजिबात लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. १९६९-७० च्या गाडीत डाव्या इनर फेंडरवरचा (इंजिनाच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावरचा) पत्र्याचा टॅगही वाचा. त्यातल्या ट्रिमच्या, म्हणजे आतल्या सजावटीच्या, कोडमध्ये शेवटी 'एक्स' (१९७० च्या गाडीत 'एक्स९') असेल तर आतला रंग काळा, आणि दुसऱ्या जागी ६ असेल तर व्हिनाइलच्या बकेट सीट. ही माहिती हाती आल्याशिवाय एकही वस्तू मागवू नये. आधीच्या मालकानं काय बदललं होतं, हे कळायला दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

सीटबद्दल आणखी एक. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून बनलेल्या मोटारींना पुढच्या सीटवर हेडरेस्ट सक्तीचे झाले. त्यामुळे १९६८ च्या गाडीत हेडरेस्टवाल्या सीट दिसल्या तर त्या मूळच्या असतील असं गृहीत धरू नका.

डॅश अख्खा निघतो. स्पीडोमीटरची केबल सोडवा, हीटरच्या केबली आणि वायरिंगचे जोड चिठ्ठ्या लावून सोडवा, स्टिअरिंगच्या दांड्याचा वरचा आधार मोकळा करून दांडा खाली टेकवा. तो हवेत लोंबकळत ठेवू नका. पुढच्या काचेच्या तळाशी असलेले स्क्रू काढले आणि दोन्ही टोकांचे मोठे बोल्ट सैल केले की डॅश त्या बोल्टांवर मागे कलतो. तेव्हा मागचं राहिलेलं सोडवता येतं, मग बोल्ट काढून तो बाहेर. दोन माणसं हवीतच. काचेच्या बाजूच्या खांबांना जाड टेप लावा, डॅशचा कोपरा तिथेच घासतो. स्क्रू पिशव्यांत घालून नावं लिहा, फोटो काढा. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पुढे जाऊ.

आता वायरिंग. या गाडीचं खरं दुखणं इथे आहे. अल्टरनेटरनं बनवलेली वीज इंजिनाच्या मागच्या पत्र्यातल्या बल्कहेड कनेक्टरमधून आत येते, अँमीटरमधून जाते आणि बॅटरी भरायला त्याच कनेक्टरमधून परत बाहेर जाते. म्हणजे चार्जिंगचा सगळा करंट पितळेच्या दोन चपट्या टर्मिनलांवर. त्यांवर गंज चढला आणि जोडात फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आला, तरी ४० अँपिअरला तिथे ३२ वॉट उष्णता होते. सोल्डरिंग आयर्न प्लॅस्टिकमध्ये खुपसून ठेवावी तसं ते! कनेक्टरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल, टर्मिनलाभोवती वितळलं असेल, तर कारण हेच.

उपाय असा. मोठ्या तारांची टर्मिनलं बाहेर काढून नवी क्रिंप करा, म्हणजे तारेवर दाबून बसवा. बारीक तारांची टर्मिनलं काळी पडलेली असतील तर पितळेच्या ब्रशनं चकचकीत करून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणाऱ्या, ओल रोखणाऱ्या ग्रीसचा) पातळ हात द्या. अँमीटरच्या स्टडवरचे नट घट्ट आहेत ना ते बघा. आतल्या पट्ट्या आणि स्टड यांच्यामधला फायबरचा वॉशर जळका दिसला तर अँमीटर बदला. त्याशिवाय अल्टरनेटरच्या आउटपुटपासून स्टार्टर रिलेच्या बॅटरीवाल्या स्टडपर्यंत ८ गेजची समांतर तार टाकावी, रिलेच्या टोकाला १२ गेजची फ्यूजिबल लिंक लावून. लिंक नेहमी तारेपेक्षा चार गेज बारीक हवी (गेजचा आकडा मोठा, तितकी तार बारीक). यानंतर अँमीटरचा काटा पूर्वीपेक्षा कमी हलेल, कारण निम्म्याहून जास्त करंट आता बाहेरच्या बाहेर जातो. तो बिघाड समजू नका. मूळ रूप जसंच्या तसं हवं म्हणून ही तार टाळणारे लोक आहेत. गाडी चालवायची असेल तर टाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मीटरच्या पाठीमागे दुसरा घोळ व्होल्टेज लिमिटरचा. पेट्रोल, तापमान आणि ऑइल यांचे काटे १२ व्होल्टवर चालत नाहीत, त्यांना सरासरी ५ व्होल्ट लागतात. जुना लिमिटर दोन धातूंच्या पट्टीचा. ती तापून वाकली की संपर्क तुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. रॅली क्लस्टरमध्ये (या गाडीतल्या मीटरांच्या संचात) हा लिमिटर पेट्रोलच्या मीटरच्या पोटातच बसवलेला आहे. पट्टी तापायला तिला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी विजेची जोडणी, लागतो. आता मेख बघा: क्लस्टरची मागची चौकट कुणी हौसेनं रंगवली किंवा पावडर कोट केली, की अर्थ तुटतो. पट्टी तापत नाही, संपर्क कायम जुळलेला राहतो आणि तिन्ही मीटरांना सरळ १२ व्होल्ट मिळतात. काटे टोकाला जाऊन चिकटतात आणि आतली गुंडाळी जळते. म्हणून रंगवताना अर्थच्या जागा टेपनं झाका, आणि क्लस्टरपासून डॅशच्या लोखंडापर्यंत एक वेगळी अर्थची तार ओढा. जुन्या लिमिटरचा संपर्क आतून कायमचा तोडून बाहेर इलेक्ट्रॉनिक लिमिटर लावणं सगळ्यात बरं.

मीटर गाडीत बसवण्याआधी टेबलावरच तपासता येतात. मोबाइलचा साधा ५ व्होल्टचा चार्जर, तीन रेझिस्टर (१०, २२ आणि ७५ ओहम, १ वॉटचे) आणि दोन चिमटे एवढंच सामान. मीटरच्या एका पिनेला धन, दुसरीला रेझिस्टर, रेझिस्टरचं दुसरं टोक ऋणाला. टाकीतला सेंडर (पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग) टाकी भरलेली असताना १० ओहमच्या आसपास, अर्धी असताना २३ च्या आणि रिकामी असताना ७३ ते ७५ च्या आसपास असतो, त्यामुळे काटा अनुक्रमे भरलेल्या, अर्ध्या आणि रिकाम्या खुणेजवळ यायला हवा. हे मीटर उष्णतेवर चालतात, काटा सरकायला मिनिटभर लागतं. घाईनं पुढचा रेझिस्टर लावला तर वाचन चुकतं. पोटात लिमिटर असलेला पेट्रोलचा मीटर या पद्धतीनं तपासायचा तर आधी तो लिमिटर तोडलेला असला पाहिजे.

मीटरांच्या मागच्या छापील सर्किटच्या पिना बोर्डाला नुसत्या दाबून बसवलेल्या असतात आणि कनेक्टर ओढता-लावता सैल होतात. तांब्याच्या पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबरानं घासा, प्रत्येक पिनेच्या बुडाला सोल्डरचा बारीक ठिपका द्या. दिव्यांच्या जागी एलईडी लावायचे असतील तर एक लक्षात ठेवा: डॅशचा उजेड कमी-जास्त करणारा रिओस्टॅट जुन्या बल्बांच्या भारासाठी बनवलेला आहे, एलईडीवर तो धड मंद करत नाही. उजेड मंद करायची सवय असेल तर जुने बल्बच बरे. मीटरच्या तबकडीवरची छपाई ओल्या फडक्यानं पुसली की अंक फडक्यावर येतात. फक्त मऊ कोरडा ब्रश. स्पीडोमीटरच्या केबलला ग्रीस खालच्या दोन तृतीयांश भागालाच लावा. वरपर्यंत लावलं तर ते फिरत फिरत मीटरच्या डोक्यात चढतं आणि काटा थरथरायला लागतो.

डॅश बाहेर असतानाच हीटरचा डबा उघडा. त्यात हमखास उंदराचं घरटं, सुकलेली पानं आणि भुगा झालेला फोम सापडतो. झडपांवरचा फोम नवा लावा, हीटर कोअरमध्ये १५ पीएसआय हवा भरून ती पाण्यात बुडवा, बुडबुडे आले की बदला. कोअर नंतर फुटली तर कूलंट थेट नव्या कार्पेटवर.

मग पाण्याचा पाइप घ्या. काचेखालच्या काउलवर (जाळीच्या पत्र्यावर), पुढच्या काचेवर आणि मागच्या काचेच्या खोबणीत प्रत्येकी दहा-दहा मिनिटं पाणी सोडा, आत टॉर्च घेऊन एक माणूस बसवा. चार्जरची मागची काच दोन बाजूंच्या उतरत्या खांबांच्या मधोमध खोल बसवलेली आहे, तिच्या खालच्या कोपऱ्यांत पाणी साचतं आणि तिथला पत्रा सडतो. गळती सापडली तर पत्र्याचं काम आधी. ओल्या जमिनीवर टाकलेलं कार्पेट दोन पावसाळ्यांत कुजतं, मिशिगन असो की मुंबई.

आता पॅड. पोलादी सांगाड्यावर युरेथेनचा फोम, त्यावर व्हिनाइलची कातडी. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं प्लॅस्टिसायझर उन्हानं हळूहळू उडून जातं (काचेच्या आतून जमणारा चिकट धुरकट थर तो हाच). कातडी आखडते, खालचा फोम आखडत नाही, आणि ताण सहन न होऊन ती फाटते. दुरुस्ती करण्याआधी हे समजून घ्यायला हवं, कारण तडा भरला तरी उरलेली कातडी आखडतच राहणार. दोन-तीन लहान तडे असतील आणि गाडी सावलीत राहणार असेल तर भरण्यात अर्थ आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे तो पुढे सरकत नाही. कडा इंग्रजी 'व्ही'सारख्या तासून घ्या, वर उचललेली कातडी कापून टाका. दोन भागांचा लवचिक फिलर भरा. मोटारीच्या बॉडीचा साधा फिलर वापरू नका, तो कडक असतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात कडेनं सुटतो. ८०, १८० आणि ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, टेक्स्चरचा स्प्रे मारून आजूबाजूचा दाणा जुळवा, मग रंग. दाणा जुळवणं हेच अवघड. आधी पुठ्ठ्यावर चार-पाच अंतरांवरून मारून बघा. जितकं लांबून, तितका दाणा कोरडा आणि बारीक.

तडे जास्त असतील तर दोन रस्ते उरतात. प्लॅस्टिकचं तयार कवच वरून चिकटवणं स्वस्त पडतं, पण कडा जाड दिसतात आणि पॅड पहिल्यापेक्षा फुगीर होतो. चार्जरसारख्या गाडीला ते शोभत नाही. दुसरा रस्ता, मूळ सांगाडा कारागिराकडे देऊन त्यावर नवा फोम आणि व्हॅक्यूमनं ओढलेली नवी कातडी चढवून घेणं. हे महाग आहे, वेळही लागतो, पण सांगाडा गाडीचा स्वतःचाच असल्यानं स्क्रूची भोकं जुळतात.

रंगाच्या बाबतीत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं चोळलेलं चमक आणणारं तेल. त्यात सिलिकॉन असतं. त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी, मऊ ब्रशनं दोनदा. मग सिलिकॉन काढणारं द्रावण: एका फडक्यानं लावायचं आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं उचलायचं. एकाच फडक्यानं पुसलं तर सिलिकॉन फक्त इकडून तिकडे फिरतं. नंतर लाल किंवा करड्या घासणीनं हलकं खरवडून व्हिनाइलचा रंग २५ ते ३० सेंटिमीटरवरून, तीन-चार अगदी पातळ कोट, मध्ये दहा मिनिटं. पहिला कोट ठिपक्या-ठिपक्यांचा दिसला पाहिजे. पहिल्यातच झाकायला गेलात तर रंग दाण्याच्या खळग्यांत साचतो आणि व्हिनाइल रंगवल्यासारखं दिसतं. दमट हवेत रंगावर पांढरट धूसरपणा येतो, त्या दिवशी काम थांबवा. मास्क कार्बनच्या डब्यांचा वापरा.

कडक प्लॅस्टिकचे भाग जोडण्याआधी ते कुठलं प्लॅस्टिक आहे ते ओळखा. न दिसणाऱ्या कडेचा एक बारीक छिलका काढून पाण्यात टाका. बुडला तर बहुधा एबीएस, तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. एबीएसवर मागच्या बाजूनं अॅसिटोनचा थेंब टाकला की ते चिकट होतं, म्हणजे खात्री पटली. एबीएसचे तुकडे अॅसिटोनमध्ये रात्रभर विरघळवून मधासारखी लापशी करायची आणि तडा मागून त्यानं भरायचा. तो जोड भागाच्या अंगचाच होतो. पॉलिप्रॉपिलीनवर हे काही चिकटत नाही. तिथे वितळवून जोडणं किंवा नवा भाग, आणि रंगाआधी अॅडहेजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा थर).

प्लॅस्टिकवरचा क्रोम म्हणजे निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून वर पारदर्शक लॅकर दिलेला असतो. थिनर लागला की तो पुसून जातो. बारीक रेषा गेल्या असतील तर द्रव क्रोमचं पेन चालतं. दोन दिवस बोट लावू नका आणि वर क्लिअर (पारदर्शक कोट) मारू नका. क्लिअरखाली तो क्रोम राखाडी होतो.

छताचं आतलं कापड लावताना पुढची आणि मागची काच काढलेली असेल तरच काम नीट होतं. छताच्या आडव्या सळ्या काढताना प्रत्येकीवर क्रमांक आणि ती कुठल्या भोकात होती ते लिहा. बाजूला एकाहून जास्त भोकं असतात आणि चुकीच्या भोकात बसली की छत लोंबतं किंवा इतकं ताणलं जातं की शिवण उसवते. कापड तासभर उन्हात ठेवून मऊ करा, मधल्या सळीपासून पुढे-मागे ताणत न्या, कागदाच्या मोठ्या क्लिपांनी कडा धरून ठेवा आणि सगळ्या सुरकुत्या गेल्यावरच गोंद लावा.

दाराच्या पॅनेलचा पुठ्ठा फुगून वाकलेला असेल तर त्याच्या मागचा पाण्याचा पडदा फाटलेला असतो. काचेवरून आत उतरणारं पाणी दारातच राहावं आणि खालच्या भोकांतून निघून जावं यासाठी तो पडदा. ०.१५ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिक शीट, कडेनं ब्युटाइल रबराची चिकट पट्टी, आणि खालची कड दाराच्या आतल्या फटीत खोचलेली. ती बाहेर राहिली तर सगळं पाणी पुठ्ठ्यावर येतं. दारातली भोकं तारेनं मोकळी करायला विसरू नका.

कार्पेट मूळचं ८०-२० रेयॉन-नायलॉनचं, लूपचं. आधी आवाज आणि थरथर कमी करायला ब्युटाइलच्या शीट पत्र्याच्या मोठ्या सपाट भागांवर द्या. निम्मा पत्रा झाकला तरी पुरतो, कोपरान्‌कोपरा मढवून गाडी जड करण्यात काही हशील नाही. गच्चीला लावायची डांबराची पट्टी वापरू नका, उन्हात तिचा वास सुटतो तो जात नाही. मग ज्यूटचा थर, मग मागचा तुकडा आणि त्यावर चढणारा पुढचा. मधल्या बोगद्यापासून (जमिनीच्या मधोमधच्या उंचवट्यापासून) बाहेर सारत न्या, गिअरच्या दांड्याला आधी छोटी फुलीच कापा. सीटच्या आणि बेल्टच्या बोल्टांची भोकं ड्रिलनं पाडू नका: ड्रिलला एक धागा गुंडाळला की लूपची अख्खी रांग स्वेटरसारखी उसवत जाते. सोल्डरिंग आयर्ननं किंवा तापवलेल्या खिळ्यानं भोक पाडा, कडा तापून आपोआप बंद होतात. सीट बेल्टचे बोल्ट ७/१६ इंची, दर इंचाला २० आट्यांचे असतात. ते दुसऱ्या कुठल्याही बोल्टनं बदलू नयेत.

सगळं जोडून झालं की बॅटरी लावा, इंजिन सुरू करून हेडलाइट आणि हीटरचा पंखा चालू करा आणि वीस मिनिटं थांबा. मग इंजिनाच्या बाजूनं बल्कहेड कनेक्टरला हात लावा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर इंजिन बंद करून बॅटरीची तार काढा आणि ती दोन मोठी टर्मिनलं पुन्हा बघा.